कमावता जोडीदार अंथरुणाला खिळल्यावर: दिव्यांग कल्याण आणि सामाजिक न्याय विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, दिव्यांग कल्याण विभाग,
मा. मंत्रिमहोदय, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: घरातील कमावती व्यक्ती दिव्यांग झाल्यावर मिळणारे अर्थसाहाय्य, त्यासाठीची उत्पन्नाची अट आणि सांभाळ करणाऱ्या जोडीदाराचा विचार होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

जानेवारी २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यात तहसील कार्यालयातून मला एक कागद मिळाला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली माझ्या पतींच्या नावाने केलेला अर्ज कौटुंबिक वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त असल्याने नामंजूर करण्यात आला आहे, एवढेच त्यात एका ओळीत लिहिलेले आहे. हा आमचा दुसरा अर्ज होता. पहिलाही याच कारणाने परत आला होता. ज्या घरात मार्च २०२४ पासून नवऱ्याची कमाई एक रुपयाचीही नाही आणि जून २०२५ पासून बायकोची नोकरीही राहिलेली नाही, त्या घराचे उत्पन्न शासनाच्या दप्तरी जास्त कसे भरते, हे समजून घेण्यासाठी मी शासन निर्णय, कायदा आणि नियम वाचले. वाचल्यावर लक्षात आले की अर्ज कोणा कारकुनाच्या चुकीने परत आलेला नाही. नियमच तसा आहे. म्हणून हे पत्र तहसील कार्यालयाला न लिहिता आपणा दोघांना लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, आमच्यासारखी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्या घरांतल्या बहुतेक बायकांना तक्रार लिहायला बसण्याइतकी उसंतही मिळत नाही.

मी मराठवाड्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका तालुक्याच्या गावी राहते. येथील एका विनाअनुदानित शाळेत मी पंधरा वर्षे मराठी शिकवले. माझा शेवटचा पगार महिना ७,००० रुपये होता. माझे पती दुसऱ्याच्या मालकीचा मालवाहू टेम्पो चालवीत आणि भत्ता धरून महिन्याला १४,००० रुपये घरी आणीत. घरात सासूबाई आणि नववीत शिकणारी मुलगी आहे. या २१,००० रुपयांत चौघांचे नीट चालत होते, आणि आम्ही तोवर शासनाकडे कधी काही मागितले नव्हते.

मार्च २०२४ मधल्या एका पहाटे साडेचारला ते टेम्पो काढायला गेले. किल्ली जागेवर बसेना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ती डाव्या हातात घेतली, मला हाक मारायला गेले आणि तोंडातून शब्द फुटेना. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वय तेव्हा ४६ होते. आमच्याकडे याला लकवा म्हणतात. डॉक्टरांनी मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचे सांगितले. जीव वाचला, याबद्दल मी त्या डॉक्टरांची कायमची ऋणी आहे. आज ते खुर्चीत बसू शकतात, आधाराने मिनिटभर उभे राहतात, समोरचा काय बोलतो ते त्यांना बऱ्याच अंशी समजते. पण उत्तर देताना एकच शब्द बाहेर येतो, आणि तो शब्द 'हो' आहे. तहान लागली तरी 'हो', दुखले तरी 'हो', नको असले तरी 'हो'. त्या एका शब्दाने पुढे काय घडले, ते मी सांगणारच आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल आहे. दाखला नेहमी मागील आर्थिक वर्षाचा असतो. सुखरूप घरांसाठी यात काही गैर नाही. पण ज्या घरावर एका सकाळीत आघात होतो, त्या घराचे मागचे वर्ष आणि चालू वर्ष यांचा एकमेकांशी काहीही संबंध उरत नाही. आम्ही मार्च २०२५ मध्ये पहिला अर्ज केला तेव्हा हाती असलेला दाखला २०२३-२४ चा होता, म्हणजे माझे पती जवळजवळ पूर्ण वर्ष टेम्पो चालवीत होते त्या वर्षाचा. जो माणूस वर्षभर अंथरुणावर होता, त्याचीच जुनी कमाई त्याला अपात्र ठरवून गेली. जून २०२५ मध्ये दुसरा अर्ज केला. या वेळी दाखला २०२४-२५ चा, आणि त्यात माझ्या पगाराचे ८४,००० रुपये. अर्ज करताना मी नोकरी सोडलेली होती, शाळेचे तसे पत्रही जोडले होते; पण त्या पत्राला अर्जात रकानाच नव्हता. सात महिन्यांनी उत्तर आले ते मी वर सांगितले आहे. आता एप्रिल २०२६ मध्ये २०२५-२६ चा दाखला निघेल. त्यात एप्रिल-मे महिन्यांचा पगार आणि घरी चार मुलांच्या शिकवणीचे मिळून पंचवीस-सव्वीस हजार रुपये दिसतील, आणि आम्ही पात्र ठरू. अडचण मार्च २०२४ ला आली आणि शासनाच्या कागदावर ती दिसू लागण्यास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत आम्ही कसे जगलो याचा थोडा हिशेब सांगते: माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या, सासूबाईंच्या पाटल्या, माहेरून घेतलेले ६०,००० रुपये आणि मुलीच्या नावावर ठेवलेली ठेव.

दुसरी तक्रार मर्यादेबद्दलच आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. बाराने भागले तर महिन्याला ४,१६६ रुपये होतात. आमच्यासारख्या चौघांच्या घरात माणशी रोजचे ३४ रुपये. याहून एक रुपया जास्त कमावणारे घर आपल्या दिव्यांग माणसाला स्वतःच सांभाळू शकते, असे शासन मानते. याच राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्या योजनेचे १,५०० रुपये मला मिळतात, औषधांच्या कामी येतात, आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. परंतु एकाच घराला एक विभाग अडीच लाखांपर्यंत मदतीस पात्र मानतो आणि दुसरा विभाग त्याच घरातल्या हालचाल बंद झालेल्या माणसाला ५०,००० च्या रेषेवर अडवतो, हे कोणत्या न्यायाने, ते मला खरोखर समजून घ्यायचे आहे. औषधे, डायपर, आठवड्यातून एकदा येणारे फिजिओथेरपिस्ट आणि तपासण्यांचे भाडे धरून पतींचा खर्चच महिना साडेपाच हजार आहे. शासनाच्या मते जेवढ्यात चौघांनी जगावे, त्याहून हा एकट्याचा खर्च मोठा आहे. तरी उत्पन्न मोजताना आजारपणाचा खर्च कोठेही वजा होत नाही.

या मर्यादेमुळे बायकोच्या नोकरीचे काय होते, तेही पाहावे. पती आजारी पडल्यावर पहिले वर्षभर मी शाळेत जात होते आणि सासूबाई त्यांच्याजवळ बसत. एप्रिल २०२५ मध्ये ते आधाराशिवाय उठायला गेले आणि पडले. सत्तरीच्या सासूबाईंना त्यांना उचलता आले नाही, शेजारची मुले येईपर्यंत पाऊण तास ते फरशीवर होते. त्यानंतर मी नोकरी सोडली. सोडली नसती तर महिन्याला ७,००० मिळाले असते पण अनुदान मिळाले नसते. सोडली म्हणून ७,००० गेले आणि महिना २,५०० रुपयांचे अनुदान मागण्याची पात्रता आली. मधला मार्ग कोणताही नाही. मी अर्धवेळ शिकवीन, सकाळचे चार तास कोणाला तरी पैसे देऊन बसवीन, असे ठरवले तरी तेवढ्या कमाईने पुन्हा मर्यादा ओलांडली जाते. जी स्त्री घर कसेबसे उभे ठेवू पाहते, तिला हा नियम पुन्हा खाली बसवतो.

येथे मला एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण ती लिहिलीच पाहिजे. दुसरा अर्ज नामंजूर झाल्यावर एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाने मला दोन मार्ग सुचवले. एक, थोडे पैसे देऊन कमी उत्पन्नाचा दाखला करून घ्यावा. दोन, कागदोपत्री आपण पतीपासून वेगळ्या राहतो असे दाखवून परित्यक्ता म्हणून अर्ज करावा, म्हणजे निराधारचा पगार लगेच सुरू होईल. (आमच्या भागात या अनुदानाला 'निराधारचा पगार' म्हणतात.) पंधरा वर्षे मुलांना खरे बोला म्हणून सांगितल्यावर पहिला मार्ग मला शक्य नव्हता. दुसऱ्याविषयी मी त्या गृहस्थांना काही उत्तरच देऊ शकले नाही. या योजनेत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नीही आहे, आणि त्या सर्वजणींना मदत मिळालीच पाहिजे. पण जिचा नवरा जिवंत आहे, घरातच आहे, आणि ती रात्रंदिवस त्याचे सर्व काही करते, अशा स्त्रीसाठी त्या यादीत स्वतंत्र ओळ नाही. विम्याचेही तसेच. पंतप्रधान जीवनज्योती विमा मृत्यूनंतर दोन लाख देतो. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला आणि अपघाताने आलेल्या अपंगत्वाला पैसे देतो. लकवा हा मृत्यू नाही आणि अपघातही नाही. दोन्ही हप्ते पतींच्या खात्यातून नियमित जात होते. बँकेच्या काउंटरवर मला ते नीट, शांतपणे समजावून सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्याचा काही दोष नव्हता. घरी येईपर्यंत एकच वाक्य डोक्यात फिरत होते: ते गेले असते तर दोन लाख मिळाले असते.

तिसरी तक्रार दिव्यांगत्वाच्या तपासणीची. सहा महिने होईपर्यंत दिव्यांगत्व तपासणारे वैद्यकीय बोर्ड तपासणार नाही असे आम्हाला सांगितले गेले. वैद्यकीय दृष्ट्या ते योग्यही असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी संकेतस्थळावर अर्ज भरला. जिल्ह्याचे ठिकाण आमच्यापासून सुमारे ८० किलोमीटर आहे आणि बोर्ड बुधवारी बसते. पहिल्या बुधवारी सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेस तज्ज्ञ डॉक्टर न्यायालयात साक्षीसाठी गेले होते. तिसऱ्या खेपेस तपासणी झाली. प्रत्येक खेपेला भाड्याच्या गाडीचे २,८०० रुपये लागले, म्हणजे एका कागदासाठी ८,४०० रुपये; तेव्हाच्या १,५०० रुपये दराने साडेपाच महिन्यांच्या अनुदानाहून जास्त, आणि ते अनुदान आम्हाला अजून मिळायचे आहे. अर्जापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पाच महिने गेले. पूर्वीच्या नियमांत यासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारणेने ती तीन महिने करण्यात आली. मुदत वाढवूनही ती पाळली जात नसेल, तर मुदतीला अर्थ काय राहिला?

तपासणीच्या वेळी माझे पती चाकाच्या खुर्चीत होते आणि मला दाराबाहेर थांबण्यास सांगितले होते. दार अर्धे उघडे असल्याने आतले ऐकू येत होते. तुमचे नाव अमुक का, असे विचारले. ते 'हो' म्हणाले. बोलता येते का, 'हो'. हाताने जेवता का, 'हो'. मी आत जाऊन सांगू लागले की त्यांना एवढा एकच शब्द येतो, तेव्हा मागे आणखी चाळीस माणसे आहेत असे उत्तर मिळाले. चाळीस माणसे होतीच, आणि तपासणारे डॉक्टरही सकाळपासून पाणी न पिता बसलेले दिसत होते. मी त्यांना दोष देत नाही. पण प्रमाणपत्रावर फक्त हातापायाचे ६२ टक्के लागले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष हा स्वतंत्र प्रकार आहे; माझ्या पतींची वाचा पूर्ण गेली असूनही ती मोजलीच गेली नाही. फेरतपासणीची विचारणा केली तर वाचातज्ज्ञाचे पद रिकामे असल्याचे कळले. प्रमाणपत्रही तात्पुरते, दोन वर्षांचे, म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंतचे आहे. तिसरा अर्ज वेळेत मंजूर झाला तरी पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच बुधवारच्या रांगेत असू.

या ६२ टक्क्यांविषयी आणखी थोडे लिहिते, कारण पुष्कळ काही या आकड्यावर ठरते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला ८० टक्के लागतात. ते असूनही केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे आणि २०१२ पासून त्यात वाढ नाही, तो भाग वेगळा. माझा मुद्दा असा की, टक्केवारी अवयवाची काढली जाते, उपजीविकेची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. डावा हात गेला तर अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास १०० टक्के बुडते, आणि सरकारी कार्यालयात लेखनिक असेल तर कदाचित नोकरी टिकूनही राहील, असे उदाहरणच न्यायालयाने दिले आहे. माझे पती चालकच आहेत. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यात जो विचार मान्य झाला, तो सामाजिक साहाय्याच्या योजनेत का मान्य होऊ नये?

सरकारी नोकरीतल्या माणसाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेतील कर्मचारी सेवेत असताना दिव्यांग झाला तर त्याला कामावरून काढता येत नाही; ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जास्तीचे, पद निर्माण करावे लागते. हा फार चांगला कायदा आहे. परंतु खासगी मालकाचा टेम्पो चालवणाऱ्याला तो लागू नाही. त्याच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात नव्हता, कामगार विमा नव्हता. मालकाने पहिल्या महिन्यात दवाखान्यासाठी १०,००० रुपये दिले आणि दुसऱ्या महिन्यात दुसरा चालक ठेवला. त्याचा धंदा थांबून चालणार नव्हते. असंघटित कामगाराला अशा वेळी शासनाची योजना हा एकच आधार उरतो, आणि तिच्या दाराशी दोन वर्षे उभे राहावे लागते.

बँक आणि अंगठा यांविषयी थोडक्यात. अनुदान थेट खात्यात जमा होते, ही सुधारणा चांगली आहे; त्यासाठी खाते आधारशी जोडलेले लागते. लकव्यानंतर माझ्या पतींच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली आहे. नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून मी रोज रात्री जुन्या सुती साडीच्या कापडाची गुंडाळी करून ती मुठीत ठेवते आणि सकाळी एकेक बोट सोडवून तळवा कोमट पाण्याने धुते. त्याला वीस मिनिटे लागतात. आधार केंद्रावर ती बोटे यंत्रावर टेकवण्यासाठी घाईने सरळ करण्यात आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तोंडून शब्द आला तो 'हो'. डाव्या हाताच्या ठशांवर काम शेवटी झाले. ते आधीही होऊ शकले असते. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी हेच पुन्हा करावे लागणार आहे. सरकारी निवृत्तिवेतनधारकांसाठी पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला करून देतो, ही सोय २०२० पासून आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांसाठी घरून मतदानाची व्यवस्था होती. आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे मतदान पथक मतपेटी आणि कॅमेऱ्यासह आले होते, मी ते दारात उभी राहून पाहिले. मतासाठी शासन घरी येऊ शकते, तर दाखल्यासाठीही येऊ शकते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अधिनियमाच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे, आणि तीत अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी सांभाळ करणाऱ्याचा भत्ता स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. शासनाने हे आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावे, असेही तेच कलम म्हणते. ते मी लपवत नाही. पण अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. केरळमध्ये आश्वासकिरणम् या नावाने अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम लहान आहे, पण ते काम आहे हे तेथे मान्य झाले आहे. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून दिव्यांगांना ६,००० आणि लकव्याने अंथरुणावर असलेल्यांना १५,००० रुपये निवृत्तिवेतन ठरले. माझी धाकटी नणंद निजामाबाद जिल्ह्यात दिली आहे. तिकडे, तेलंगणात, दिव्यांगांचे निवृत्तिवेतन २०२३ पासून ४,०१६ रुपये आहे. ती भावाला भेटायला येते तेव्हा विचारते की, वहिनी, तुमच्याकडे कसे काय नाही? मधे फक्त मांजरा नदी आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि तो देशातील पहिला असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० केले. या दोन्ही निर्णयांचे मी मनापासून स्वागत करते. परंतु प्रमाणपत्र आरोग्य यंत्रणेकडे, अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे आणि दिव्यांगांचे हक्क तिसऱ्या विभागाकडे, अशा तीन दारांमध्ये माझ्यासारखीला एकटीने फिरावे लागते, आणि सांभाळ करणाऱ्याचा विचार यांपैकी कोणत्याच दारात झालेला मला आढळला नाही.

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजली आहेत आणि त्यामुळे शासनाने सावध राहावे हे मला मान्य आहे. पडताळणी अवश्य व्हावी. माझ्या घरी कोणीही, कोणत्याही वेळी, न सांगता यावे. माझे पती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले दिसतील. एवढेच की, जे खोटे करतात त्यांना बुधवारची रांग अडवत नाही. ती अडवते आमच्यासारख्यांनाच.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. घरातील कमावती व्यक्ती आजाराने किंवा अपघाताने काम करण्यास असमर्थ झाली असेल, तर मागील वर्षाच्या दाखल्याऐवजी घटनेनंतरचे प्रत्यक्ष उत्पन्न ग्राह्य धरावे. रुग्णालयाची कागदपत्रे आणि तहसीलदारांची स्थळपाहणी यांवर ते ठरवता येईल.

२. दिव्यांगांसाठीची ५०,००० रुपयांची मर्यादा वाढवून किमान लाडकी बहीण योजनेइतकी, म्हणजे अडीच लाख रुपये करावी. तोपर्यंत निदान सांभाळ करणाऱ्या जोडीदाराची कमाई त्या हिशेबातून वगळावी.

३. कलम २४ प्रमाणे सांभाळ करणाऱ्याचा भत्ता राज्यात सुरू करावा, आणि तो त्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात द्यावा.

४. तपासणी बोर्ड महिन्यातून एकदा उपजिल्हा रुग्णालयात बसवावे, आणि ज्यांना हलवता येत नाही त्यांची तपासणी घरी करावी. वाचा गेलेल्या रुग्णाच्या तपासणीत घरातल्या माणसाला जवळ बसू द्यावे आणि वाचादोष वेगळा मोजावा. त्यासाठी वाचातज्ज्ञांची रिक्त पदे भरावीत.

५. अनुदानासाठी दिव्यांगत्वाच्या टक्केवारीबरोबर व्यवसाय करण्याची क्षमता किती गेली, याचाही विचार व्हावा.

६. हयातीचा दाखला आणि आधारची कामे अंथरुणावरील लाभार्थ्यांसाठी घरपोच व्हावीत.

७. अर्ज नामंजूर करताना कारण, कोणत्या वर्षाचे किती उत्पन्न धरले आणि अपील कोणाकडे करायचे, हे मराठीत लेखी कळवावे. मंजूर झालेल्या अर्जाचे अनुदान अर्जाच्या दिनांकापासून द्यावे.

शेवटच्या मागणीत आमचा स्वतःचाही स्वार्थ आहे, हे मी मान्य करते. मार्च २०२५ पासूनचे अनुदान मिळाले तर मुलीची मोडलेली ठेव भरून निघण्यास सुरुवात होईल. पुढच्या वर्षी तिची दहावी आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा दाखला मिळाला की मी तिसरा अर्ज करणार आहे. या पत्राची एक प्रत त्या अर्जाला जोडीन आणि एक प्रत आपणा दोघांच्या कार्यालयांना पोचपावतीच्या टपालाने पाठवीन. आपल्या विभागांकडून मुद्द्यांनिशी लेखी उत्तराची मी वाट पाहीन.

आपली विश्वासू,
एका दिव्यांग टेम्पोचालकाची पत्नी
(पूर्वी मराठीची शिक्षिका)
फेब्रुवारी २०२६